विजेच्या फोटोतली बाई

आभाळ गडगडलं की मांडवातली मोठी माणसं आधी शालिग्रामकडे पाहत.

लग्न गोरज मुहूर्ताचं असे. वैशाखातली संध्याकाळ, दिवसभर तापलेला मांडव, बायकांच्या हातातल्या अक्षता घामानं ओल्या झालेल्या. आणि तेवढ्यात घाटाकडून ढगांचा काळा लोट उठे. भटजींचा आवाज उगाच वाढे. मग कोणीतरी घसा खाकरून जवळ येई.

"शालिकभाऊ, जरा बाहेर जाता का? थोडा वेळच. मोकळं झालं की या."

"जातो ना जी," असं म्हणून शालिग्राम तिपाई मिटवी, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावी आणि मांडवाबाहेर पडे. कोणाचा राग नाही, लोभ नाही. डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसं लोक त्याला काढत आणि तोही निघे.

शालिग्राम उमाळे पायाळू होता. आईच्या पोटातून पायाकडून आलेला. अशा माणसाला वीज शोधत येते, हे आमच्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. नुसती त्यालाच नेते असंही नाही. शेजारी कोण बसलंय हे ती पाहत नाही. म्हणून पायाळूनं पावसात कोणाच्या झाडाखाली थांबायचं नाही, कोणाच्या बैलगाडीत बसायचं नाही. आणि हेच लोक उन्हाळ्याच्या भर दुपारी उसण भरली की कण्हत कण्हत मोताळ्यात त्याच्या दुकानी येत. पायाळूची लाथ कमरेला लागली की उसण उतरते. शालिग्राम चप्पल काढून, पाय पुसून, हलकेच लाथ मारी. वर "लागलं तं नाई ना जी?" असं विचारी.

त्याचं कूळ माळ्याचं. बाप वांगी-मिरच्या करी. शालिग्राम खामगावला जाऊन फोटो धुवायला शिकून आला आणि मोताळ्यात येस्टी थांबते तिथं त्यानं ओसरी असलेली जागा घेतली, पुढं दुकान, मागं घर. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लग्नात फोटोवाला असणं ही नवी हौस होती आणि मोताळ्यापासून रोहिणखेडपर्यंत दुसरा फोटोवाला नव्हता. त्यामुळं पायाळू असला तरी त्यालाच बोलवावं लागे. आजही त्या भागातल्या जुन्या लग्नांचे फोटो काढून पाहा. हळद आहे, पंगत आहे, वरात आहे. अक्षता मात्र बऱ्याच लग्नांत नाहीत. अक्षतांच्या वेळी आभाळ आलेलं असे आणि फोटोवाला दूर वावरात उभा असे.

तिथं तो डोळे मिटून उभा राही.

हे त्याच्या आईनं, अंबूबाईनं शिकवलेलं. तो लहान असताना ढग आले की ती त्याला घराच्या कोपऱ्यात बसवी आणि स्वतः दारात उभी राही. "पाय जुळव. कानात बोटं घाल. डोये उघडू नको, राजा. तिच्या नजरेले नजर देशीन तं वयखते ते तुले." वीज ओळखते, ही भीती त्याच्या हाडात बसली. आई गेली, तो बाप्या झाला, त्याचं रुख्मिणीशी लग्न झालं, तरी पहिला गडगडाट झाला की त्याच्या पापण्या आपोआप मिटत आणि आभाळ निवळेपर्यंत उघडत नसत. तिशी उलटलेल्या त्या माणसानं वीज कधी पाहिलीच नव्हती.

एकदा असाच उभा असताना त्याच्या मनात आलं, आपले डोळे बंद आहेत, कॅमेऱ्याचा तर उघडा ठेवता येतो. चाचपडत त्यानं तिपाई रोवली, कॅमेरा बसवला, खटक्याची तार हातात धरली आणि दाबून ठेवली. अंधार पडत आलेला. अशा वेळी कॅमेऱ्याचा डोळा कितीही वेळ उघडा राहिला तरी त्याला काही दिसत नाही. वीज चमकली की तेवढ्यापुरतं जग त्याच्यात उतरतं आणि पुन्हा अंधार. कडाका ऐकला, की शालिग्राम तार सोडी आणि बोटांच्या अंदाजानं फिल्म पुढं सरकवी.

वीज त्यानं पहिल्यांदा पाहिली ती आपल्या खोलीत, लाल दिव्याखाली, औषधाच्या थाळीत. कागद हळूहळू काळा होत गेला आणि एक रेघ तेवढी काळी व्हायची राहिली. ती रेघ वीज होती. शेवग्याच्या उपटलेल्या मुळीसारखी, आभाळातून खाली लोंबणारी. आवाज नाही, वारा नाही. शालिग्राम कितीतरी वेळ थाळीवर वाकून राहिला. आपल्याला शोधत फिरणारी ती हीच का, असं त्याला वाटलं असावं. रुख्मिणीला त्यानं एवढंच सांगितलं, "नाजूक आहे वं दिसाले."

मग तो छंदच लागला. दर उन्हाळ्यात लोक त्याला बाहेर काढत आणि तो डोळे मिटून विजेचे फोटो काढी. दुकानाच्या भिंतीवर नवरा-नवरीच्या जोड्यांच्या वर विजांची एक ओळ लागली. गिऱ्हाइकं त्या ओळीखाली बसायला कचरत.

ती बाई पहिल्यांदा दिसली रोहिणखेडच्या फोटोत.

गावाबाहेर एक मुरमाड उंचवटा होता. मांडवातून निघून शालिग्राम तिथं उभा राहिलेला. फोटोत उजव्या अंगाला जुन्या मशिदीचा घुमट दिवसासारखा उजळलेला, डावीकडं एक वावर, त्याच्या धुऱ्यावर एकुलती बाभूळ. आणि बाभळीच्या पलीकडं, उघड्या वावरात, एक काळी आकृती. डोकं वर टोकदार. हात नाहीत. ताठ उभी.

शेजारी पंजाबरावाचं सायकलचं दुकान होतं. तो रोज एकदा फोटो पाहायला येई. त्यानं फोटो उजेडाकडं धरला आणि लगेच खाली ठेवला.

"बे शालिक, हे काय काढून आनलं तू?"

"मी कुठं काढलं? मी डोये मिटून होतो."

"तेच तं म्हनतो. तू डोये मिटून होता अन् हे तुह्यासमोर उभी होती." पंजाबरावानं आवाज उतरवला. "रोहिनखेडच्या लोकायले इचारलं का? तिकडे संध्याकाळच्या पाराले कोनी फिरकत नाई."

रुख्मिणी आतून कणकेचे हात घेऊन आली. तिनं फोटो हातात न घेता नुसती मान वाकडी करून पाहिला. "बाई आहे. डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आहे."

"भूत आहे वयनी."

"भूत खोळ कायले घेईन? त्याले का सर्दी होते?"

पंजाबराव हसला. शालिग्राम हसला नाही. तो फोटो त्यानं भिंतीवर लावला नाही. टिनाच्या पेटीत तळाशी ठेवला आणि वर जुन्या काचा रचल्या.

पुढच्या उन्हाळ्यात रोहिणखेडला पुन्हा लग्न आलं. पुन्हा आभाळ आलं, पुन्हा कोणी घसा खाकरला. दुसऱ्या कुठल्या बाजूला जाता आलं असतं, पण त्याचे पाय त्याच उंचवट्याकडं वळले. अंधार पडला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि हातात तार होती. एक कडाका झाला. बोट तारेवर तसंच आखडून राहिलं आणि ते उठायच्या आत, काही वेळानं, दुसरा झाला.

फोटो धुतला तेव्हा थाळीत दोन बाया उमटल्या.

एक बाभळीपलीकडं, मागच्या सालासारखीच ताठ. दुसरी अलीकडं, जरा मोठी, एका बाजूला कललेली.

पंजाबराव दाराच्या आत आला नाही. ओसरीवरूनच बोलला, "मांगच्या साली एक होती. यंदा दोन. बे, त्या वावरात पैदास होऊन राह्यली का त्यायची?"

"दोन नाई," शालिग्राम म्हणाला. "एकच आहे. कॅमेरा उघडा असताना वीज दोनदा चमकली. पहिल्या कडाक्याले हे बाभयीपाशी होती, दुसऱ्या कडाक्याले इथं. चालून राह्यली ते."

"कोनीकडे?"

शालिग्रामनं दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवलं. ती मोठी दिसत होती, म्हणजे जवळ आली होती. "माह्याकडे," तो म्हणाला.

पंजाबराव चप्पल न घालता आपल्या दुकानाकडं गेला.

रुख्मिणीनं मात्र फोटो घेतला, टेबलावरचं भिंग उचललं आणि दारातल्या उजेडात जाऊन बसली. मग तिनं नवऱ्यापुढं नुसतं भिंग धरलं. दुसरी आकृती बाजूनं दिसत होती. एक हात मागं, कमरेवर टेकलेला. पुढं पोट.

"पोटुशी आहे वो हे. सहावा-सातवा असन."

"अशा वादयात कायले फिरन पोटुशी बाई?"

"तुमी कायले फिरता?" रुख्मिणीनं विचारलं. "तुमाले मांडवातून काढतात तसं तिले कोनी घरातून काढलं आहे. तुमच्यावानीच आहे ते. मांगच्या साली काढलं, यंदा काढलं. अजून मिरग लागाले वेळ आहे, अजून आभायं येतीन, अन् दरखेपी तिले अशीच उभी करतीन. पोट घेऊन. पाय घसरला तं? वीज राहू द्या तुमची, नुसती पडली तरी लेकरू जाईन, ते बी जाईन."

"मंग काय करू म्हनतं?"

"जा. कोनाच्या घरची आहे पाहा. सांगा त्यायले."

शालिग्रामची अडचण रुख्मिणीला ठाऊक होती. एक पायाळू असला तर वीज शोधत फिरते, कधी चुकतेही. दोन एका जागी सापडले तर ती सोडत नाही, असं अंबूबाई सांगे. दोन साडू होते म्हणे, दोघंही पायाळू, एका धुऱ्यावर बसले होते, कोण कुठला हे ओळखायला दोघांच्या बायकांना कडदोरे पाहावे लागले. ही गोष्ट सांगताना अंबूबाई दिवा मोठा करी.

"तुमाले भेव वाटत असन तं मी जाते," रुख्मिणी म्हणाली.

तो गेला. लग्नाचे फोटो पोचवायचं निमित्त होतं. दुपार कलल्यावर सायकलवर निघाला, तिपाई मागं बांधलेली, कॅमेरा गळ्यात. सवयीनं घेतलं सगळं. घाटावर ढगांचा एक गोळा बसला होता, पण तो रोजच बसे.

बाभळीचं वावर रामरावांचं निघालं. गावकुसाला लागून घर, अंगणात गोठा. रामराव बाजेवर बसले होते. चांगला माणूस, जुना पाटीलकीचा बाज, बोलणं मऊ. त्यांनी पाणी दिलं, सुपारी पुढं केली. शालिग्रामनं फोटो काढून त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो हातभर लांब धरला आणि कौतुकानं मान डोलावली.

"हे तं आपलंच वावर. वा! बाभूय बी आली."

"अन् हे?"

"हे आमची सून. सोजरा." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की शालिग्रामच गोंधळला. "निवृत्तीची बायको."

"इतक्या विजेत बाहेर काऊन उभी आहे जी?"

"पायाळू आहे ना ते," रामराव म्हणाले. "तुमाले तं सांगाले नाई पाहिजे. तुमी बी मांडवातून उठून जाताच की."

पुष्पाबाई, रामरावांची बायको, चौकटीला टेकून उभी होती. ती पुढं आली. "आमी काही छय करत नाई हो भाऊ. जाताना खोय देतो, तोंडात गुयाचा खडा देतो. आली की कोरडं लुगडं काढून ठेवलेलं असते. हे घर भरलेलं आहे, लेकरंबाळं आहेत, त्यायच्यावर कायले आणाची? तिचं तिलेच पटते. अन् यायले इचारा. उसन भरली की तिचीच लाथ लागते."

"सुनेची लाथ खानारा सासरा गावात मी एकलाच असीन," रामराव म्हणाले आणि पोट हलवून हसले.

"आता ते दोन जीवाची आहे," शालिग्राम म्हणाला.

"म्हनून तं जास्त भेव. लेकराचं ध्यान आहे आमाले. पन घरात ठेवून सारेच गेले तं?"

एवढ्यात आतल्या दारातून सोजरा पुढं आली. डोक्यावरचा पदर ठीक करत तिनं सासऱ्याच्या बाजेच्या पायथ्याशी पडलेला फोटो पाहिला आणि खाली बसून उचलला. पंचविशीच्या आतली, सावळी, गालावर गोंदण. तिनं आपला फोटो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा.

"मी इतकी बुटकी दिसते?" तिनं विचारलं. मग शालिग्रामकडं नीट पाहिलं. "तुमीच होते का त्या उंचवट्यावर?"

"हाव."

"मले पहिले वाटलं झाड आहे. मंग वाटलं, मानूस आहे. मानूस असन तं त्याच्यापाशी जाऊन बसाव म्हटलं, एकलीले लय भेव वाटते. निघाली. मंग वीज चमकली अन् पाह्यलं तं तुमचे डोये बंद." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "उभा मानूस, डोये मिटलेले, हलत नाई, बोलत नाई. मले वाटलं मेलेला मानूस उभा करून ठेवला आहे. मी कशी वापस पयाली माहं मले माहीत."

कोणी काही बोलायच्या आत गोठ्यामागं आभाळ कडाडलं.

पोरं कुठून कुठून धावत घरात आली. निवृत्ती अंगणातून म्हशीचं दावं सोडून तिला गोठ्यात ओढू लागला. त्यानं बायकोकडं पाहिलं नाही. पुष्पाबाई आत गेली आणि दोन पोती घेऊन आली. दोन्ही नीट दुमडून खोळी केलेल्या. एक तिनं सुनेच्या हातात दिली, दुसरी शालिग्रामच्या.

"तुमी तिकडे उंचवट्यावर जा भाऊ," रामराव हात जोडून म्हणाले. "ते बाभयीच्या आंगानं जाईन. तेवढं एका जागी राहू नका. पाहुन्याले असं सांगताना बरं नाई वाटत, पन तुमी समजूतदार आहा."

शालिग्राम उठला. सायकल भिंतीलाच राहिली, तिपाई तेवढी सवयीनं सोडून त्यानं खांद्यावर घेतली. पाठीमागं दाराची कडी लागल्याचा आवाज आला. सोजरा पुढं होती, तोंडात गूळ, हात कमरेवर. वेशीपाशी ती न बोलता मावळतीकडं वळली आणि तो उगवतीकडं.

धुळीचा लोट आला, त्याच्यामागं अंधार. उंचवट्यावर पोचेपर्यंत समोरचं काही दिसेनासं झालं. शालिग्रामनं पाय जुळवले, डोळे मिटले. तिपाई खांद्यावर तशीच होती. रोवायला हात होईना. पहिला कडाका झाला. दुसरा झाला. पापण्यांच्या आत लाल उजेड येऊन जाई. फोटोतली ती कलती आकृती त्याला तिथं, लाल उजेडात दिसू लागली. आपले डोळे बंद पाहून ती मागं पळाली होती, हे त्याला राहून राहून आठवत होतं.

त्यानं डोळे उघडले.

वीज चमकली तेव्हा ती नाजूक नव्हती. सगळं आभाळ एकदम पांढरं झालं, घुमट पांढरा, वावर पांढरं, ढेकळाढेकळाची सावली पडलेली. आणि बाभळीपलीकडं सोजरा उभी, दोन्ही हात पोटाखाली. मग काळोख. पुन्हा उजेड, आणि सोजरा नव्हती. त्या जागी जमिनीवर एक गाठोडं होतं.

बसली की पडली, हे समजायला पुढचा कडाका हवा होता. तो होईना. अंधार नुसता भरत चालला. शालिग्राम चालू लागला. नांगरलेल्या वावरात पाय मुरगळत होते. धुऱ्याजवळ आला आणि त्याच्या कानापाशी गुणगुण सुरू झाली. मोहोळावरच्या माशांसारखी, पण एकसुरी. तो थांबला. खांद्यावरची तिपाई गुणगुणत होती. हातावरचे केस एकेक करून उभे राहिले, डोक्यावरचं पोतं आपोआप वर उचलल्यासारखं झालं.

इथून मागं फिरता आलं असतं. त्यानं तिपाई फेकली, गळ्यातला कॅमेरा काढून फेकला आणि वाकून, जवळजवळ रांगत, धुरा ओलांडून पळाला.

"कोन?" अंधारातून आवाज आला.

"मी. फोटोवाला."

"दूर राहा, भाऊ! दोघं एका जागी नको. मले कय आली म्हनून बसली मी. तुमी जा."

"राहू दे," शालिग्राम म्हणाला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. त्याला तिची थरथर लागत होती. तिला त्याची लागत असावी. ती बसल्या बसल्या गूळ गिळत होती, तो आवाजही त्याला ऐकू आला.

मग जे झालं त्याला कडाका म्हणता येत नाही. आवाज आलाच नाही, नुसता धक्का बसला, जमिनीतून. तोंडात लोखंडाची चव आली. जळाल्याचा वास आला. कानात घंटा वाजत राहिली आणि तिच्याखाली सगळं मुकं झालं.

किती वेळानं कोण जाणे, पाठीमागून सोजराचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. "भाऊ, आहे का?"

"आहे."

"मी बी आहे का?"

शालिग्रामनं हात मागं करून तिचं मनगट चाचपलं. गरम होतं. "हाव," तो म्हणाला. "तू बी आहे."

त्यानंतर पाऊस पडला, थोडासाच. दोघं तशीच बसून राहिली.

आभाळ निवळल्यावर रामराव, निवृत्ती आणि वाड्यातले आणखी दोघंतिघं कंदील घेऊन आले. ते घाईनं येत नव्हते. वीज वावरात पडलेली त्यांनी पाहिली होती आणि काय उचलायचं आहे याची त्यांची तयारी झाली होती. एकाच्या खांद्यावर घोंगडी होती. धुऱ्यावर बाभूळ शेंड्यापासून बुडापर्यंत उभी चिरलेली, आतून धुमसत होती. तिच्यापलीकडं दोन माणसं पाठीला पाठ लावून बसलेली. कंदील वर झाला तशी दोघांनीही मान वळवली.

कंदील धरणारा दोन पावलं मागं सरला.

"जित्ते आहेत," निवृत्ती म्हणाला. तो पुढं झाला आणि बायकोला उठवू लागला. उठवताना तो रडत होता, पण बापासमोर तोंडातून आवाज निघू देत नव्हता.

रामराव बाभळीकडं पाहत होते. मग दोघांकडं. मग पुन्हा बाभळीकडं. "तुमी दोघं एका जागी होते?"

"हाव जी."

"अन् वीज बाभयीवर गेली." ते वाकून बाभळीच्या बुडाशी पाहून आले. "म्हंजे, आली ते तुमच्यासाठीच. पन दोघं दिसले. कोनाले न्याव हे तिले समजलंच नाई. चकली ते."

शालिग्रामनं तोंड उघडलं. तसं काही नसतं, उंच झाडावर वीज पडतेच, उद्यापासून हिला घरात ठेवा, असं काहीतरी त्याच्या ओठावर होतं. खरं तर ते त्यालाही पुरतं पटलेलं नव्हतं. त्यानं सोजराकडं पाहिलं. नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून ती उभी होती आणि शालिग्रामकडं पाहून तिनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. शालिग्रामनं तोंड मिटलं.

सकाळपर्यंत गावात ठरून गेलं होतं. एकटा पायाळू घातक. दोन एका जागी असले तर वीज चकते. जुन्या माणसांना तर असंही आठवू लागलं की त्यांच्या आज्यानं हेच सांगितलं होतं.

शालिग्रामला कॅमेरा मिळाला तो चिखलात. काच फुटलेली, भाता फाटलेला. तिपाईचा एक पाय काळा पडला होता. घरी आल्यावर रुख्मिणीनं आधी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, मग विचारलं, "घरात घेतलं का तिले?" आणि तो काय सांगावं याचा विचार करत असतानाच तिनं चूल पेटवली.

पुढचं आभाळ यायच्या आत ओसरीसमोर बैलगाडी थांबली. रामराव स्वतः हाकत होते. मागं गवतावर गोधडी, गोधडीवर सोजरा, शेजारी कोंबडीचा खुराडा आणि ज्वारीचं पोतं.

"घाटावर ढग बसून राह्यले भाऊ," रामराव म्हणाले. "सुनेले तुमच्यापाशी ठेवा. बायंत होईलोक राहू द्या. तुमी दोघं एका घरात असले की आमाले बी निवांत झोप लागन."

"आना," रुख्मिणी म्हणाली आणि शालिग्रामला काही बोलायची सवड न देता तिनं सोजराला हात धरून गाडीतून उतरवलं. पंजाबराव आपल्या दुकानातून पाहत होता. फोटोतली बाई लाल लुगड्यात ओसरीची पायरी चढली, तसं त्यानं हातातलं चाक खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

सोजरा तिथंच बाळंत झाली, भर श्रावणात, बाहेर विजा चालू असताना. मुलगी झाली. सुइणीला रुख्मिणीनं काही विचारू दिलं नाही आणि मूल डोक्याकडून आलं की पायाकडून, हे त्या खोलीतल्या तिघी बायकांनी कोणाला कधीच सांगितलं नाही. रामरावांनी आडून आडून विचारून पाहिलं. शेवटी त्यांनी गृहीत धरलं ते धरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात आभाळ येताच मायलेकींना दोघींनाही गाडीत बसवून मोताळ्याला पोचवू लागले.

मग दुसऱ्या गावांतूनही येऊ लागले. कोणी आपल्या बापाला आणून सोडी, कोणी वहिनीला. कोणी आपले आपणच चालत येत. शालिग्रामनं दुसरा कॅमेरा घेतला, पण विजेचा फोटो पुन्हा काढला नाही. आभाळ आलं की त्याला ओसरीवर चटया टाकाव्या लागत. माणसं भिंतीला पाठ लावून, पाय जुळवून, एकमेकांना खेटून बसत. कोणी बोलत नसे. कोणाचे ओठ हलत, कोणाचे डोळे मिटलेले. रुख्मिणी चहा देत फिरे आणि कप घेताना कोणी मान वर करत नसे. संध्याकाळच्या येस्टीतून उतरणाऱ्या नवख्या माणसाला आधी नुसता अंधार दिसे. मग वीज चमके आणि समोर ती रांग दिसे. म्हातारे, बाया, एक तान्ही पोर, सगळे त्याच्याकडं तोंड करून. तो पाय उचलायचा विसरून तिथंच पावसात उभा राही.

शालिग्राम दारातून हाक मारी, "या ना जी, बसा. जागा आहे."